नऊ एमएम, अडतीस आणि पिंट्या

बैलाची दोन शिंगं फौजदार वाबळ्यांच्या दोन बाजूंना टेम्पोच्या फळक्यावर टेकली होती आणि मधल्या जागेत फौजदार उभे होते. बैलाचं तोंड त्यांच्या उजव्या कमरेत घुसलेलं. फौजदारांचा हात पिस्तुलावर होता. ते पिस्तूल ओढत होते आणि पिस्तूल कव्हरातून निघत नव्हतं.

ते कव्हर मी शिवलेलं होतं.

काष्टीचा बैलबाजार ऐन भरात होता. दसरा नुकताच होऊन गेला होता आणि ऊन मी म्हणत होतं. मी आठ-दहा हातांवर माझ्या पालात बसले होते, पुढ्यात घुंगुरमाळा, बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या आणि चाबूक मांडून. गर्दी मागं सरली, पण फार लांब नाही. नीट दिसेल इतपतच.

फौजदारांच्या जोडीला गस्तीवर हवालदार शेळके होते. त्यांनी त्यांचं रिव्हॉल्व्हर केव्हाच काढलं होतं. त्यांचंही कव्हर माझंच, पण ते एका झटक्यात सुटलं होतं.

"साहेब, काढा की!" शेळके ओरडले.

"निघंना!"

"बटन उघडलं का?"

"उघडलं!"

"मग वढा!"

"वढतोयच की! तुमी मारा गोळी!" फौजदार एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे. शिंगं दिसल्यावर गावच्या बोलीवर आले.

"कशी मारू? बैलाच्या पल्याड तुमीच हाय!"

वाबळे तरुण माणूस, लग्न जमत आलेलं. शिवाय मला माझंही दिसत होतं. हा माणूस इथं मेला तर उद्या सगळा तालुका म्हणणार, म्हातारीनं शिवलेलं कव्हर अडकलं म्हणून गेला. बैलाचं नाव कुणी घेणार नाही.

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी चौथी शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि चामडं घरात होतं. आमचे मालक कापायचे, मी शिवायची. ते गेल्यावर दोन्ही मी करायला लागले. या अंकाच्या संपादक बाईंनी मला फोन करून सांगितलं की आजी, तुमचा संघर्ष लिहा. संघर्ष काही नव्हता, काम होतं. बैलांचं काम पिढीजात. पोलिसांचं काम शेळक्यांमुळे आलं. त्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या कव्हराची शिवण उसवली, ती मी घालून दिली, आणि ती ठाण्यातल्या बाकीच्या शिवणींपेक्षा जास्त टिकली. मग एकेक जण यायला लागला.

साहेब लोक त्याला होल्स्टर म्हणतात. आम्ही कव्हरच म्हणायचो. लोकांना वाटतं त्याचं माप बंदुकीवरून घेतात. माप पोटावरून घ्यावं लागतं. नोकरीला लागताना पोलीस सरळ असतो. दहा वर्षांनी पोट पट्ट्यावर येऊन बसतं, कव्हराचं वरचं तोंड बाहेर ढकलतं, आणि मग साहेब खुर्चीत बसले की मूठ बरगडीत रुतते. एका साहेबांनी मला विचारलं, यावर काही उपाय आहे का. मी म्हटलं, आहे, पण तो चामड्यातला नाही. ते पुन्हा आले नाहीत.

करायची रीत साधी आहे. म्हशीचं जाड चामडं घ्यायचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. ते भिजवायचं. खरं पिस्तूल तर कुणी माझ्याकडे ठेवून जाणार नाही, म्हणून मालकांनी दोन्ही जातींची लाकडी पिस्तुलं कोरून ठेवली होती. ती दारामागं खुंटीला टांगलेली असायची. त्यामुळे विमा विकणारे उंबऱ्यातूनच परत जात. तर त्या लाकडावर ओलं चामडं बसवायचं, शिंगाच्या तुकड्यानं दाबून दाबून आकार काढायचा आणि सावलीत वाळवायचं. चामडं वाळताना आवळतं. म्हणून लाकडावर आधी एक पातळ फडकं गुंडाळायचं. वाळल्यावर ते काढून टाकलं की तेवढी जागा सुटते. पिस्तूल हलत नाही आणि अडकतही नाही. सगळी कारागिरी त्या फडक्यात आहे. ते विसरलं तर चामडं पिस्तुलाची कातडी होऊन बसतं.

हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या वर्षी ठाण्यात एक नवीन भांडण आलं होतं. वरून विचारणा झाली होती, की गस्तीवर जाणाऱ्याला कुठल्या मापाचं हत्यार द्यावं, ठाण्यानं आपलं मत कळवावं. शेळके अडतीसच्या रिव्हॉल्व्हरचे. वाबळे नऊ एमएमच्या पिस्तुलाचे. दोघं कव्हराच्या निमित्तानं माझ्या पडवीत यायचे आणि चहा पीत भांडायचे.

शेळके म्हणायचे, "आक्का, रिव्हॉल्व्हर म्हंजी जुनी बायको. सहा गोळ्या. एक न्हाई उडाली तर चाप परत दाबायचा, दुसरी फुडं येती. कटकट न्हाई."

वाबळे म्हणायचे, "आणि सहा संपल्यावर? एकेक गोळी भरत बसणार का? समोरचा थांबणार आहे का तोवर? पिस्तुलात गोळ्या जास्त, भरायला सोपं, आणि कमरेला चपटं बसतं."

"लई गोळ्या म्हंजी लई चुका, साहेब."

मी एकदा विचारलं, "पण यातली मोठी गोळी कुठली?"

शेळक्यांनी खिशातून एक काढून दाखवली. "जाडीला दोनी सारक्याच, आक्का. उन्नीस-बीस. फरक आतल्या दारूचा आन् जोराचा."

"मग भांडता कशाला?"

"भांडाय लागतं," शेळके म्हणाले. "मत कळवायचं हाय."

मोठ्या साहेबांचं मत तिसरंच होतं. त्यांना पंचेचाळीसचं, भलं थोरलं पाहिजे होतं. ते त्यांनी सिनेमात बघितलं होतं. ठाण्यात एक बाई शिपाई होत्या, लहान चणीच्या. त्या पट्ट्याला भोक पाडून घ्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मावशी, गोळी केवढी का असंना. मूठ एवढी जाड करतात की माझं बोट चापापर्यंत पोचत नाही. बोट पोचेल असं द्या म्हणावं." मला ते पटलं. कागदावर गेलं की नाही माहीत नाही.

शेळक्यांचं एक मात्र मी विसरले नाही. ते वाबळ्यांना म्हणाले होते, "साहेब, गस्त बाजारात आसती, रानात न्हाई. गोळी कुटं लागंल ते नंतर. ती थांबंल कुटं, ते आदी बगायचं. तुमचं नऊ एमएम एकाच्या आंगातनं निघून मागच्याच्या आंगात जातं." वाबळे म्हणाले, "तुमचंही जातं." शेळके म्हणाले, "जातं. पर माजं जाताना इचार करतं."

तर असे हे दोघं आपापलं हत्यार लावून काष्टीच्या बाजारात गस्तीला आले, आणि टेम्पोला टेकून उभे होते. तेवढ्यात एका खिल्लार बैलानं दावं तोडलं आणि बाजारात एवढी माणसं असताना सरळ फौजदारांवर आला.

मी पालातून उठले. जवळ गेले, तेव्हा मला बैलाची जीभ दिसली.

बैल मारत नव्हता. चाटत होता. कव्हर चाटत होता, आणि मधे फौजदारांचा हात आला की डोक्यानं हात बाजूला ढकलत होता. त्या ढकलण्यात फौजदार टेम्पोवर आदळत होते. चाटणारा बैल म्हणजे गरीब बैल, असं शहरातल्या माणसाला वाटेल. त्याचं डोकं माझ्या शिवणयंत्राहून जड होतं आणि शिंगाची टोकं घासून पाजळलेली होती. त्यानं नुसती मान फिरवली असती तरी काम झालं असतं.

"साहेब, हात काढा कव्हरावरनं!" मी ओरडले. "त्याला तुमी नको, कव्हर पायजे!"

"हत्यार कसं सोडू?"

"मग मरा!"

हे मी बोलले. नंतर लोकांनी मला त्यावरून चिडवलं. पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

मी पालातून रापी उचलली. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. टेम्पो रिकामा होता. मागून वर चढले. तेव्हा माझे गुडघे माझेच होते, डॉक्टरांनी बसवलेले नव्हते. फळक्यावरून ओणवी झाले तर फौजदारांचं डोकं माझ्या हनुवटीखाली.

"आक्का, वर वढा त्यांना!" शेळके खालून ओरडले.

"ह्यांना वर वढायला क्रेन लागंल! गप उभं ऱ्हा!"

मी त्यांच्या पाठीमागून हात घातला आणि पट्टा कापला. पोलिसाला दोन पट्टे असतात. आतला विजारीचा, बाहेरचा हत्याराचा. मला बाहेरचा कापायचा होता. पण ओणव्यानं, उलट्या हातानं, खाली बैल फुसफुसत असताना निवड करता येत नाही. रापी धारेची होती. दोन्ही गेले.

पट्टा कव्हरासकट खाली पडला. बैलानं मान खाली घातली. फौजदार सुटले. त्यांनी एका हातानं विजार धरली आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

पण दोरी राहिली होती. हत्यार हरवू नये म्हणून पिस्तुलाच्या मुठीला एक जाड दोरी असते, तिचं दुसरं टोक साहेबांच्या खांद्याला. बैलानं कव्हर तोंडात धरलं, पट्टा खाली लोंबला, आणि तो मागं फिरून चालायला लागला. मागून दोरीनं बांधलेले फौजदार.

"साहेब, दोरी सोडा!" शेळके मागं पळत होते.

"सरकारी पिस्तूल हाय! हरवलं तर नोकरी जाईल!"

"जीव जाईल!"

"नोकरीबी जाईल!"

बैल काही पळत नव्हता. सावकाश, चघळत चालला होता. गर्दीनं दोन्ही बाजूंनी वाट करून दिली. एका हातात विजार, एका हातात दोरी, अशी फौजदारांची वरात बैलबाजारातून निघाली. रोज माणूस बैलाला दोरीनं नेतो, त्या दिवशी उलटं होतं. बरेच मोबाईल वर झाले. शेंगदाणेवाल्याच्या पालाजवळ एक म्हातारा उभा होता, त्याला मागचं काही माहीत नव्हतं. त्यानं शांतपणे विचारलं, "पावनं, जोडी केवढ्याला दिली?"

शेळके तिथंच खाली बसले. मला वाटलं त्यांना काही झालं. ते हसत होते. हातात रिव्हॉल्व्हर आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "आदी ते म्यानात घाला, मग हसा."

मी हसले नाही. कव्हराचं बटन उघडं होतं, बैलाचे दात त्यावर होते, आणि आत भरलेलं पिस्तूल होतं. दात कुठं बसेल आणि गोळी कुणाला लागेल, ते कुणाला सांगता आलं असतं? पुढं चहाचं पाल होतं, त्यात बायामाणसं बसली होती.

त्याच पालातून बैलाचा मालक निघाला, हातात चहाचा पेला. त्याला सगळे नाना म्हणत होते.

"पिंट्या!" नाना ओरडला. "आरं काय खातूस ते! थूक! थूक म्हनतो ना!"

एवढ्या धिप्पाड बैलाचं नाव पिंट्या. पिंट्यानं पट्टा खाली टाकला आणि शरमल्यासारखा उभा राहिला.

नाना फौजदारांना म्हणाला, "साहेब, लई गरीब हाय ओ. आजून कुनाला शिंग न्हाई लावलं. निस्ती गुळाची सवय हाय. गूळ आसला की त्याला म्होरं मानूस दिसत न्हाई."

"गूळ?" फौजदार म्हणाले. "गूळ कुठं आहे इथं?" विजार हातात होती, पण शुद्ध बोलणं परत आलं होतं.

मी कव्हर उचललं आणि वास घेतला. आयुष्यभर चामड्याचे वास घेतलेत. या कव्हराला आंबलेल्या दुधाचा वास येत होता. त्यात तूप होतं. आणि गूळ होता.

मी वाबळ्यांकडं बघितलं. ते खाली बघायला लागले.

"साहेब, काय केलं हे?"

"आईनं," ते हळूच म्हणाले.

मग ते उलगडलं. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. बाकीच्या हत्यारांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. पण वाबळ्यांच्या आई गावाहून तांब्या-ताम्हण घेऊन आल्या होत्या. मुलाचं नवीन हत्यार, पहिला दसरा. त्यांच्या घरी देवाच्या टाकांना पंचामृताचा अभिषेक असतो, तो पिस्तुलालाही पाहिजे. वाबळे म्हणाले, आई, कव्हरातून बाहेर काढून इथं मांडत नाही. तर आई म्हणाल्या, "नको काढूस. देवाला तरी कुठं गाभाऱ्यातून बाहेर काढतो आपण?" आणि दूध, दही, तूप, मध घालून वरून ओतलं. साखरेच्या जागी गूळ, कारण चार पावलांवर साखर कारखाना असला तरी त्यांच्या देवाला साखर चालत नाही. सगळं ठाणं हात जोडून उभं. आईला थांबवायची कुणाची छाती? मोठ्या साहेबांनी तीर्थ घेतलं.

मग वाबळ्यांनी कव्हर वरवर पुसलं आणि पिस्तुलासकट पंख्याखाली वाळवलं. म्हणजे मी लाकडावर जे करते तेच त्यांनी खऱ्या पिस्तुलावर केलं, मधलं फडकं न घालता. वर गुळाचा डिंक. तेव्हापासून ते रोज असंच कमरेला लावून गस्त घालत होते. काढायची वेळच आली नाही, म्हणून कळलंही नाही.

माझ्या पालात बसून मी कव्हराचा टाका न् टाका उसवला, तेव्हा पिस्तूल सुटलं. दस्त्यावर हळद होती. माझी शिवण शेवटपर्यंत पक्की होती, हे मी दोन-तीनदा सांगितलं. शेळक्यांनी पिस्तूल नीट तपासलं आणि पुन्हा हसायला लागले.

"आता काय?" मी विचारलं.

"आक्का, नळीत गोळीच न्हाई. गोळ्या समद्या खाली, मुठीतल्या पेटीत. गस्तीवर नेम हाय तसा. वरचा भाग मागं खेचल्याबिगर उडतच न्हाई हे. म्हंजी निघालं आसतं, तरी साहेबांना आदी बैलाला म्हनाय लागलं आसतं, जरा थांब बाबा."

मी दात आणि गोळीचा जो घोर लावून घेतला होता, तो असा फुकट गेला.

वाबळे खुर्चीवर बसले होते. विजारीला मी बैलाची म्होरकी बांधून दिली होती. दुसरं मापाचं काही नव्हतं. शेळके त्यांना म्हणाले, "लिवा आता अभिप्रायात. नऊ एमएमनं बैल थांबत न्हाई."

"आणि अडतीसनं?"

"अडतीसनंबी न्हाई थांबला," शेळक्यांनी कबूल केलं. "नानानं थांबला. नानाचं माप लिवा."

अभिप्राय काय गेला मला माहीत नाही. वरच्यांनी त्यांचं त्यांनी ठरवलं असणार. ठाण्यात सगळ्यांना पिस्तुलं आली आणि त्यांच्याबरोबर कंपनीची काळ्या प्लॅस्टिकची कव्हरंही आली. मी एक हातात घेऊन बघितलं. चांगलं आहे. भिजत नाही, आवळत नाही, दसऱ्याला काहीही ओतलं तरी नळाखाली धुऊन निघतं. त्यात बोट घातलं की मऊ लागत नाही, एवढंच. माझं ते काम तिथं संपलं. लाकडी पिस्तुलं अजून खुंटीला आहेत. चामड्याला तेल लावायचं म्हणून कधी हात मागं जातो आणि मग आठवतं की लावायला काही नाही. बैलही कमी झालेत. ट्रॅक्टरला घुंगुरमाळ लागत नाही.

वाबळ्यांच्या आई पुढं एकदा माझ्याकडं आल्या होत्या, साडीचोळी घेऊन. मला वाटलं माफी मागायला आल्या. कसली माफी! म्हणाल्या, "बघा, पूजा केली म्हणून वाचला माझा मुलगा." मी म्हटलं, "अहो बाई, पूजा केली म्हणूनच बैल आला." त्या म्हणाल्या, "आला खरा, पण गोळी निघाली नाही ना?"

मला देवाधर्माचं फार नाही. पण वाबळे तरुण, घाबरलेले, ते पिस्तूल निघालं असतं तर त्यांनी कसंही करून ते खेचून झाडलंच असतं. बैलाच्या मागं शेळके होते, शेळक्यांच्या मागं माझं पाल, त्याच्या मागं चहाच्या पालातल्या बाया. शेळक्यांचंच बोलणं, की गोळी थांबेल कुठं. ती गुळात थांबली. साडी मी ठेवून घेतली.

वाबळ्यांची बदली झाली, लग्न झालं. ते धडधाकट आहेत. त्यांच्या आई आहेत. शेळके निवृत्त झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले, बैलाचा त्यात काही संबंध नाही. नाना आहे. मी आहे. पिंट्याही आहे. नानानं त्याला विकलाच नाही. दात गेलेत, म्हणून गूळ आता पाण्यात कालवून देतात.